हळदीची साडी काळी कशी झाली

संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी काय झालं ते आमच्या गल्लीला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशीच्या हळदीसाठी पिवळं करायला घेतलेलं साडेपाच मीटर पांढरं रेशीम अंगणातल्या दोरीवर काळं झालं. अंबडच्या लग्नघरी ही बातमी पोचेपर्यंत तिची ‘दोघींनी मिळून साडी जाळली’ अशी झाली होती. साडी जळली नव्हती, फाटली नव्हती, विटलीही नव्हती. रंग इतका पक्का बसला होता की असा पक्का रंग मुद्दाम बसवायला रंगाऱ्यांना आठवडे लागतात. म्हणून त्या दिवसाचा हा घटनाक्रम, घड्याळाबरहुकूम.

पात्रं तीन. मी, माझी मैत्रीण आणि माझ्या सासूबाई. मैत्रीण नवरीची सख्खी मावशी. भाचीला हळदीला आपल्या हातची साडी नेसवायची असं तिने दिवाळीतच बोलून ठेवलं होतं. अंगण मोठं म्हणून घर माझं.

आदल्या रात्री ९.०० (आपत्तीला २० तास १० मिनिटं)

डाळिंबाची वाळलेली सालं कुटून स्टीलच्या पातेल्यात भिजत घातली. हिरड्याची पूड प्लास्टिकच्या बादलीत. एवढंच. दोन्ही भांडी निर्दोष होती, हे पुढच्या चौकशीसाठी इथेच नोंदवते.

रेशमाची कल्पना आली कुठून, तेही सांगायला हवं. जालन्यात रेशीम म्हणजे दुकानातला माल नव्हे, शेतमाल. बाजार समितीत २०१८ साली रेशीम कोषांचा बाजार सुरू झाला, महाराष्ट्रातला पहिला. त्याआधी इकडचा शेतकरी कोष घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जायचा, आणि तेही पळत. कारण कोष म्हणजे चालू घड्याळ. अळी पंचवीसेक दिवस तुतीचा पाला खाते, दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती कोष विणते आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत आतून पतंग बाहेर येतो. तो बाहेर आला की कोषाला भोक पडतं. चांगल्या कोषात हजार मीटरच्या आसपास अखंड धागा असतो, त्याचे मग तुकडे उरतात आणि माल मातीमोल होतो. म्हणजे वेळ चुकली की रेशीम गेलं. हे आम्ही दोघींनी त्या बाजारात पांढऱ्या कोषांच्या ढिगाशी उभं राहून ऐकलं होतं. मैत्रिणीच्या डोक्यात मात्र वेगळंच शिरलं. ती म्हणाली, “अगं, रेशीम आपल्याकडचं आणि रंग कामून दुसऱ्याचा?”

सकाळी ६.१० (आपत्तीला ११ तास)

नळ आला.

हळदीच्या आदल्या दिवशी कुणी साडी रंगवायला काढतं का, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. त्याचं उत्तर हे. जालन्यात मुहूर्त दोन असतात, एक गुरुजींचा आणि एक नळाचा. निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आहे, पैठणहून जायकवाडीची पाइपलाइन आहे, तरी नळाचा दिवस धरूनच आठवड्याची कामं लागतात. बोअरचं पाणी घरात बारा महिने आहे, पण ते जड. बसाल्टच्या खडकातून येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. त्यात साबणाला फेस येत नाही, दह्यासारखा साका येतो, आणि तो साका रेशमावर बसला की पुढचा रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो. त्यामुळे नळाचंच पाणी हवं होतं. आम्ही टाकी, पिंप, बादल्या, कळश्या, सगळं भरून घेतलं.

सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “एका लुगड्यापायी इतकं पाणी?”

सकाळी ७.०० (आपत्तीला १० तास १० मिनिटं)

कापड कोरं होतं, डिंकासकट विणलेलं. हाताला ताठ, कागदासारखं खरखरीत. किड्याने धाग्याचे दोन पदर एकमेकांना चिकटवायला वापरलेला हा डिंक, त्याला सेरिसिन म्हणतात. तो काढल्याशिवाय रेशमाला ना मऊपणा येतो ना चमक. साबणाच्या पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवायचं, उकळी फुटू द्यायची नाही.

इथे दिवसातला पहिला वाद झाला. मैत्रिणीचं म्हणणं, धुण्याचा सोडा मूठभर टाकू, लवकर होईल. मी नको म्हटलं. रेशीम म्हणजे प्रथिन, केसांसारखं, लोकरीसारखं. आम्लाशी त्याचं जमतं. तीव्र अल्कलीत ते झिजतं, फार झालं तर विरघळतं. शेवटी चिमूटभर सोड्यावर तडजोड झाली. त्याने काही बिघडलं नाही. बिघडलं असतं तर बरं झालं असतं, दिवस तिथेच संपला असता.

सकाळी ८.४० (आपत्तीला ८ तास ३० मिनिटं)

धुऊन, पिळून, सावलीत जरा सुकवून कापड तोललं. सकाळी ६०० ग्रॅम होतं, आता ४५० च्या थोडं वर. मैत्रीण काट्याकडे बघत राहिली.

“पाव हिस्सा गेला!”

गेला तो डिंकच. कच्च्या रेशमाच्या वजनात साधारण चौथा हिस्सा त्याचाच असतो. पण ज्या बाईने पैसे मोजून कापड आणलंय तिला हे पटवायला वेळ लागतो. मग तिने कापड गालाला लावलं आणि गप्प झाली. हातात घेतलं की पाण्यासारखं सांडत होतं. त्या दिवसातला हा सगळ्यात चांगला क्षण, आणि त्यात रंगाचा काहीच संबंध नव्हता.

सकाळी ९.३० (आपत्तीला ७ तास ४० मिनिटं)

हिरडा. रात्री भिजवलेलं पाणी गाळून कोमट केलं आणि कापड त्यात बुडवलं.

घरात हिरडा असतो तो बाळगुटीसाठी आणि खोकल्यासाठी. रंगाऱ्यांना तो हवा त्यातल्या टॅनिनसाठी. टॅनिन म्हणजे जिभेला तुरट लागणारा, तोंड ओढून घेणारा पदार्थ. तो धाग्याला घट्ट धरतो आणि पुढे येणाऱ्या तुरटीला, रंगाला बसायला जागा करतो. खरं म्हणजे रेशमाला हिरड्याची गरज नव्हतीच. सुताला असते, रेशीम एकट्या तुरटीवरही रंग धरतं. पण मैत्रिणीला पक्का रंग हवा होता. भाचीने ही साडी पुढे आपल्या मुलीला द्यावी इतका पक्का.

तासाभरात पांढरं रेशीम फिकट बदामी झालं. त्याच्या धाग्याधाग्यात आता टॅनिन बसलं होतं. आपत्तीला दोन गोष्टी लागणार होत्या. त्यातली पहिली सकाळी साडेदहालाच, आमच्या हातांनी, अगदी विधिवत साडीत भरली गेली होती.

सकाळी ११.०० (आपत्तीला ६ तास १० मिनिटं)

तुरटी. कापडाच्या वजनाच्या १५ टक्के, म्हणजे ७० ग्रॅम. किराणा दुकानात मागितली तेव्हा दुकानदाराने, पाणी निवळायला का दाढीला, असं विचारलं. साडीला म्हटल्यावर त्याने सुट्टे पैसे परत करताना पुन्हा एकदा वर पाहिलं.

तुरटीत अॅल्युमिनियम असतं. धातूचा हा कण एका हाताने धागा धरतो, दुसऱ्या हाताने रंग. तोच कण पिवळ्याला पिवळं ठेवतो. धातू बदलला की रंग बदलतो. हे वाक्य मी त्या दिवशी मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ती कापड खालीवर करत होती, मी रंगाच्या कृतींची वही धरून उभी होते.

दुपारी १२.१५ (आपत्तीला ४ तास ५५ मिनिटं)

एका शेगडीवर डाळिंबाची सालं उकळत ठेवली, दुसरीवर जेवणाची भाजी. सासूबाईंनी दोन्ही पातेल्यांत डोकावून कुठलं कुठलं ते विचारून घेतलं.

जेवताना मी मैत्रिणीला पर्किनची गोष्ट सांगितली. मित्राला घेऊन घरात रेशीम रंगवण्याचा उद्योग आमच्या दोघींचा शोध नव्हे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी ईस्टरच्या सुट्टीत घरच्या खोलीत हिवतापावरचं क्विनीन बनवायला बसला. हाती आला काळा गाळ. तो धुताना दारूच्या अर्कात जांभळा रंग उतरला आणि त्यात बुडवलेलं रेशीम जांभळं झालं. आर्थर चर्च हा त्याचा मित्र सोबतीला होता. दोघांनी ही गोष्ट आपल्या गुरूपासून, हॉफमनपासून, लपवून ठेवली आणि नमुना स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या पुलर नावाच्या रंगाऱ्यांकडे पाठवला. तिथून कृत्रिम रंगांचा सगळा धंदा उभा राहिला आणि आपल्याकडच्या मंजिष्ठेचं, पुढे निळीचंही दुकान बसलं.

“म्हणजे त्यांचं आधी काळं झालं आणि मग चांगलं झालं,” मैत्रीण म्हणाली.

आमचा क्रम उलटा असणार होता.

दुपारी १.१५ (आपत्तीला ३ तास ५५ मिनिटं)

सालांचा काढा दोनदा गाळला. रंग तपकिरी, वास तुरट. मैत्रिणीला तो पिवळा वाटेना. डाळिंबाचं असंच असतं, पाण्यात तपकिरी दिसतं आणि तुरटी लावलेल्या कापडावर पिवळं उतरतं. तरी तिची खात्री व्हावी म्हणून साडीच्या टोकाची बोटभर चिंधी कापली. सकाळपासून ती साडीबरोबरच हिरड्या-तुरटीतून निघाली होती. ती चिंधी वाटीभर काढ्यात घातली आणि चमच्याने हलवली. पाव तासात पिवळी. हळदीच्या गाभ्याला असतो तसा नव्हे, जरा हिरवट छटेचा, थंड पिवळा. देखणा.

या चिंधीने आमचा घात केला असं मैत्रिणीचं अजूनही मत आहे. मी ते मानत नाही. चिंधीने खरंच सांगितलं, फक्त तिला स्टीलच्या चमच्याने हलवलं होतं.

पिवळा आणखी उजळ व्हावा म्हणून हळद टाकायची का, यावर थोडी चर्चा झाली. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि साबण लागला की लाल होतो. सासूबाईंनी वरून हळदीला चुना लावून घरी कुंकू कसं करायचे ते सांगितलं आणि मग हळूच विचारलं, “हळदीत बसली की ती तशी बी पिवळीच व्हईल ना? मग हे कामून चाललंय?”

दिवसभरातला हा एकमेव शहाणा प्रश्न होता. त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

दुपारी २.०० (आपत्तीला ३ तास १० मिनिटं)

साडी रंगात गेली. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात, अंगणातल्या चुलीवर. आच बेताची, पाणी उकळीच्या बरंच खाली. कापड सतत वरखाली करायचं, एका घडीत थांबू द्यायचं नाही, नाहीतर चट्टे पडतात. साडेपाच मीटर ओलं रेशीम किती जड होतं ते ज्याने उचललंय त्यालाच ठाऊक. मैत्रीण एका टोकाने, मी दुसऱ्या टोकाने. हातात आंब्याची एक जुनी काठी.

दुपारी २.२५ (आपत्तीला २ तास ४५ मिनिटं)

काठी मोडली.

आधी तडकली, मग कापडाचा पीळ वर काढताना दोन तुकडे झाले. एक तुकडा पातेल्यात पडला, तो चिमट्याने काढला. लाटणं आखूड पडलं. बांबूच्या शिडीची पायरी काढावी असं मला वाटलं, पण शिडी शेजारी गेली होती. थांबायची सोय नव्हती, कापड तळाला बसत होतं.

मैत्रिणीने वर पाहिलं.

आमच्या गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच उभ्या आहेत. वर एक मजला चढेल या आशेने जालन्यातल्या अर्ध्या घरांवर त्या तशा असतात. त्यातलेच उरलेले तुकडे, तीन सुती, जिन्याखाली भिंतीला टेकवलेले. जालन्यात लाकूड शोधावं लागतं, सळई शोधावी लागत नाही. औद्योगिक वसाहतीतले कारखाने देशभरचं भंगार आणि बिलेट तापवून सळया ओढतात. बियाण्यांइतकंच या शहराचं नाव सळईने झालंय, ते जुनं ‘जालना, सोने का पालना’ आता लोखंडाचं आहे. जिन्याखालच्या दोन सळया दोन पावसाळे खाल्लेल्या होत्या. मैत्रिणीने फडक्याने खसाखसा पुसल्या. फडकं तांबडं झालं.

मी म्हटलं, “वहीत स्टीलचंच वापरा असं लिहिलंय.”

“मग ही काय आहे? टीएमटी म्हणजे स्टीलच की!”

तिचं अगदी खोटं नव्हतं. पातेल्याचं स्टील आणि सळईचं स्टील, दोन्ही लोखंडाचेच मिश्रधातू. पण पातेल्याच्या स्टीलमध्ये क्रोमियम असतं, ते पृष्ठभागावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरून ठेवतं आणि आतल्या लोखंडाला बाहेर येऊ देत नाही. सळईत तो पापुद्रा नसतो. तिला गंजायला आमची मदत लागत नाही.

दोन सळया पातेल्यात उतरल्या. दुसरी गोष्ट आली.

दुपारी २.५० (आपत्तीला २ तास २० मिनिटं)

पाणी आटलं. नळाचं साठवलेलं पाणी सकाळच्या खळखळण्यात आणि धुण्यात संपलं होतं. पिंपात कळशीभर उरलं होतं, ते सासूबाईंनी प्यायला राखून ठेवलं आणि पिंपावर झाकण घालून वर बसल्या. नाइलाजाने बोअरचं घातलं. बोअरचं जड पाणी जरा अल्कलीकडे झुकलेलं, त्याने पिवळा मळकट होईल म्हणून तीन लिंबं पिळली. मोसंबी ढीगभर होती, जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकनवाली, पण ती गोड. इथे आंबटच लागतं.

शास्त्राने हे पाऊल बरोबर होतं. रेशमाला आम्ल मानवतं, शेवटी थोड्या आंबट पाण्यातून काढलं तर रेशमाला तो करकरीत आवाजही येतो, ज्यावरून गिऱ्हाईक रेशीम ओळखतं. पण गंज विरघळायलाही लिंबासारखं दुसरं काही नाही. कपड्यावरचा गंजाचा डाग आपण लिंबू-मिठानेच काढतो. निघालेला गंज जातो कुठे, हा प्रश्न मोरीत पडत नाही. पातेल्यात तो तिथेच राहिला.

दुपारी ३.३० (आपत्तीला १ तास ४० मिनिटं)

“चढतोय गं रंग.”

चढत होता. पाण्यातली साडी गडद दिसत होती, पण काढा मुळात तपकिरी, वर धूर, त्यात अंगणातल्या कडुनिंबाची सावली. डोळ्यांना कळण्यासारखं काही नव्हतं. चौकशीत मी इथे फार वेळ थांबले. त्या वेळी कुणी सळया काढल्या असत्या तर? साडी मेंदीच्या रंगाची झाली असती. हळदीला मेंदी रंग चालतो. आजकाल काहीही चालतं.

दुपारी ४.०० (आपत्तीला १ तास १० मिनिटं)

चहा.

साडी झाकून मुरत ठेवली. सळया आतच, टोकं झाकणाबाहेर आलेली.

चहा पिताना सासूबाई केसांना मेंदी लावून बसल्या होत्या. त्यांची मेंदी दर महिन्याला लोखंडी कढईत रात्रभर भिजते, वर चहापत्तीचं पाणी. स्टीलच्या भांड्यात भिजवली तर केस तांबडे होतात, लोखंडी कढईत काळपट. हे त्यांना त्यांच्या आईने सांगितलं, मला त्यांनी सांगितलं, आणि मी मैत्रिणीला पूर्वी कधीतरी सांगितलेलं आहे. तिघींनाही हे ठाऊक होतं. चहा संपेपर्यंत तिघी त्या कढईपासून चार हातांवर बसलो होतो.

संध्याकाळी ४.४५ (आपत्तीला २५ मिनिटं)

झाकण काढलं. सळईवर साडी उचलली. हिरवट. शेवाळी म्हणावी अशी.

“निथळली की खुलेल,” मैत्रीण म्हणाली. ओलं कापड गडद दिसतं आणि सुकल्यावर उजळतं, हा सगळ्या बायकांचा अनुभव आहे. त्यामुळे मलाही ते पटलं.

संध्याकाळी ४.५२ (आपत्तीला १८ मिनिटं)

पिळून दोरीवर टाकली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत गेलो. दुसऱ्या टोकाला पोचून मागे पाहिलं तर पहिलं टोक करडं झालं होतं.

पातेल्यात लोखंड आणि टॅनिन एकत्र आलं तरी त्याचा काळा पूर्ण उघडत नाही. विरघळलेल्या लोखंडातलं बरंचसं अजून फिकट अवस्थेत असतं. हवा लागली की प्राणवायू त्याला पुढच्या अवस्थेत नेतो आणि मग निळसर काळा रंग वर येतो. माजूफळातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोखंड यांची जुनी शाई अशीच लिहिताना फिकी आणि वाळल्यावर काळी व्हायची. युरोपात शेकडो वर्षं दस्तऐवज त्या शाईने लिहिले गेले. आंध्रातले श्रीकाळहस्तीचे कलमकारीवाले गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात आठवडे मुरवून तेच करतात, हिरड्यात भिजवलेल्या कापडावर. कलम टेकवली की रेघ काळी होते. आम्ही रेघ ओढली नव्हती, सगळं कापडच बुडवलं होतं.

संध्याकाळी ५.०० (आपत्तीला १० मिनिटं)

मैत्रिणीने पदराकडून निऱ्यांकडे आणि निऱ्यांकडून पदराकडे फेऱ्या घातल्या. बोलली नाही. घडीतला भाग अजून हिरवट होता, तो उघडला की डोळ्यांदेखत काळवंडत होता. म्हणून तिने घड्या उघडायचं थांबवलं.

संध्याकाळी ५.१०

काळी. मावळतीच्या उजेडात काठ जरा निळसर, बाकी काळी. जिथे सळई टेकली होती तिथे सळईच्या तिरप्या कड्यांचे ठसे उमटलेले, माशाच्या काट्यासारखी बारीक नक्षी पदरावर ओळीने.

सासूबाई डोक्याला मेंदी तशीच घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अगं बाई, ही तर चंद्रकळा.”

संध्याकाळी ५.४० (आपत्तीनंतर अर्धा तास)

कोपऱ्यावर लिंबू चोळून पाहिलं. तिथे मळका पिवळा डाग पडला, भोवती काळी कड. लिंबाने लोखंड सुटत होतं, पण तुरटीही त्याच्याबरोबर जात होती. म्हणजे काळा काढला तरी खाली पिवळा उरणार नव्हता. साबणाने काही झालं नाही. पक्का रंग.

संध्याकाळी ७.०० (आपत्तीनंतर जवळपास २ तास)

अंबडला फोन. हळदीला काळी साडी म्हटल्यावर पलीकडे आधी शांतता, मग मागून कुणीतरी देवाचं नाव घेतलं. सासूबाईंनी फोन मागून घेतला आणि तोडगा सुचवला. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवतातच, हलव्याचे दागिने घालतात, महिन्यावर संक्रांत आलीय, ठेवून द्या. तोडगा चोख होता. फक्त पलीकडून नवरीच्या आईने आठवण करून दिली की पहिल्या संक्रांतीची काळी साडी सासरहून येते. ती माहेरच्या मावशीने दिली तर त्या घरी काय वाटेल?

यावर कुणाकडेही उत्तर नव्हतं. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी १०.००

दुकान उघडता उघडता मैत्रिणीने पिवळी साडी विकत घेतली, नायलॉनमिश्रित, चकचकीत. नवरी ती नेसून हळदीला बसली आणि तासाभरात साडीवर इतकी हळद पडली की मूळ रंग कोणता ते सांगता येईना.

काळ्या साडीचं काय करायचं ते मी पुढे वाचून काढलं. लोखंडाने काळं केलेलं रेशीम फार टिकत नाही. लोखंड प्रथिनाला आतून खात राहतं, घडीच्या ठिकाणी धागा ठिसूळ होतो. संग्रहालयांतल्या जुन्या काळ्या रेशमी कपड्यांना घडीवर भेगा दिसतात त्या पुष्कळदा यामुळेच. मुलीला आणि मुलीच्या मुलीला देण्याचा बेत रद्द. मी मैत्रिणीला सांगितलं, हँगरला लावू नकोस, एकाच घडीवर ठेवू नकोस, मधूनमधून घडी बदल. तिने विचारलं, “ठेवायची कशाला? नेसते की.”

संक्रांतीला ती नेसली. आमच्याकडच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका पदरावरच्या नक्षीला हात लावून बघत होत्या. एकीने ही छपाई कुठली म्हणून विचारलं, दुसरीने किंमत. मैत्रिणीने किंमत पैठणीच्या जवळपास सांगितली आणि दुकानाचं नाव विचारल्यावर म्हणाली, “इथलीच आहे, जालन्याची. औद्योगिक वसाहतीत करून देतात, पण वजनावर घ्यावी लागते.”